चारा बंद, वाट मोकळी

ऑक्टोबर सरत आला की आमच्या खोऱ्यातली माणसं बोलता बोलता डोंगराकडं बघायला लागतात. बर्फाची रेघ कुठवर आली, याचा अंदाज घेणं चालू असतं. ती रेघ खाली सरकली की तिच्या पुढंपुढं एल्क ही मोठी हरणं उतरतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेला, यलोस्टोन नदीच्या काठानं हे पॅराडाइज खोरं पसरलंय. पूर्वेला अ‍ॅब्सारोका, पश्चिमेला गॅलाटिन या डोंगररांगा, मधला तळ समुद्रसपाटीपासून साधारण 1,500 मीटरवर. हिवाळ्यात वर उद्यानातलं गवत बर्फाच्या जाड थराखाली गडप होतं. खाली मात्र वारा असा सुटतो की बर्फाला बसूच देत नाही, गवताची टोकं उघडी राहतात. म्हणून थंडी काढायला ही जनावरं पिढ्यान्‌पिढ्या इथंच येत आली आहेत.

आणि आम्ही नेमके याच तळावर घोडे पाळतो. एक पंचकल्याणी घोडी, आणि तिच्या जोडीला एक म्हातारा, शांत, खच्ची केलेला घोडा.

ज्यांनी एल्क पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या सांबराच्या कुळातलंच हे जनावर, पण फार थोराड. मोठा नर 300 किलोच्या पुढं जातो, मादी 225 च्या आसपास. अंग फिकट पिवळसर, मान गडद तपकिरी आणि केसाळ, शेपटीभोवती पांढुरका चट्टा. कळप शंभरांनी येतो. सकाळी पडदा सरकवावा तर काल रिकामं असलेलं रान जनावरांनी भरलेलं असतं, आणि आमचे दोघं त्यांच्या कडेला, जणू त्यांच्यातलेच, मान खाली घालून चरत असतात. हे दृश्य मला आजही तितकंच आवडतं. पण त्यावर भाळून चालत नाही. घोडे आणि एल्क एका जागी ठेवायचे तर त्याची सगळी व्यवस्था माणसानं करायची असते. एल्ककडून कसली अपेक्षा करणं चूक आहे. त्यांच्या हिवाळ्याच्या जागेत घर आम्ही बांधलंय.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. तिकडं तुरीला शेंगा धरल्या की रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं शेतात शिरतात, आणि घरातला कुणी ना कुणी रात्री जागलीला जातो. बाबांची अर्धी हयात मचाणावर डबे वाजवण्यात गेली. त्यामुळं मी व्हिडिओवर पहिल्यांदा कळप दाखवला तेव्हा त्यांनी शिंगांचं कौतुक करण्याआधी विचारलं, "मंग रातीची जागल कोन करते?"

"कुणी नाही बाबा. इथं रात्री उणे वीस असतं."

"मंग गंजी राह्यते कशी?"

शेतकऱ्यानं विचारावा असाच हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर हा इथल्या घोडेवाल्यांचा निम्मा संसार आहे.

पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 10 किलो वाळलं गवत लागतं, कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त. पोटात गवत आंबतं तेव्हा जी ऊब तयार होते तिच्यावर घोडा रात्र काढतो, म्हणून थंडी वाढली की खुराकाआधी चारा वाढवायचा. दोन घोड्यांना सहा महिन्यांसाठी साडेतीन टनांच्या वर गवत साठवावं लागतं. टिमोथी आणि ब्रोम या गवतांचे गठ्ठे उन्हाळ्यात विकत घेऊन रचून ठेवायचे. भुकेल्या एल्कना त्याचा वास लांबून लागतो. ते जेवढं खातात त्यापेक्षा जास्त तुडवतात, त्यावर मुततात, गठ्ठे फोडून चिखलात पसरतात. गाय एखादे वेळी असलं गवत निवडून खाईल, घोड्याला ते चालत नाही. भिजून बुरशी धरलेला चारा पोटात गेला तर पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटातलं वर यायला वाटच नाही, आणि पोटशूळानं घोडा एका रात्रीत जाऊ शकतो. त्यामुळं आमच्याकडं गवत वाचवणं म्हणजे घोडा वाचवणं.

यावर उपाय एकच, आणि तो महाग आहे. गंजीभोवती आठ फूट, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर उंच जाळीचं कुंपण. याहून कमी उंचीला एल्क जुमानत नाही, जागच्या जागी उडी घेतो. बाबांनी अर्थातच सुचवलं, "झटका मशीन लाव." विदर्भात आता बांधाबांधावर सोलरवर चालणारी झटका मशीन दिसते, रोही तिला बिचकतात. एल्कच्या अंगावरचे हिवाळ्यातले केस आतून पोकळ असतात. थंडी जशी आत शिरत नाही तसा विजेचा झटकाही नीट पोचत नाही. शिवाय गोठलेल्या कोरड्या जमिनीत वीज नीट खेळत नाही. नाकाला तार लागली तर जनावर मागं हटतं, छातीला लागली तर तसंच पुढं घुसतं. त्यामुळं उंच जाळी. राज्याचं वन्यजीव खातं नुकसान टाळायला मदत करतं, मात्र जमिनीवर लोकांना शिकारीची मुभा द्यावी, अशी त्यामागं अट असते. ही अट अनेकांना जाचते. मला ती रास्त वाटते. जनावरं सगळ्यांची आहेत असं म्हणायचं आणि फाटक फक्त आपल्यासाठी उघडायचं, हे जमत नाही.

नव्यानं आलेल्या लोकांना या आठ फुटी जाळीची शरम वाटते. इतकी सुंदर जनावरं उपाशी, आणि आपण गवत कुलपात ठेवतो! दोन गठ्ठे टाकले तर काय बिघडलं? बिघडतं, फार बिघडतं, आणि मोंटानात जाणूनबुजून असा चारा घालणं कायद्यानंही गुन्हा आहे. यलोस्टोनच्या आसपासच्या एल्क आणि बायसन, म्हणजे गव्यासारख्या रानगुरांमध्ये, ब्रुसेलोसिस आहे. आपल्याकडं गोठ्यात ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात तोच. बहुधा पाळीव गुरांकडूनच तो इथल्या रानात गेला, आणि उद्यानातल्या बायसनमध्ये 1917 मध्ये पहिल्यांदा सापडला. आता उलट रानातून गुरांकडं येण्याची भीती. लागण झालेली मादी हिवाळ्याच्या अखेरीस गाभ टाकते, त्या गर्भाला आणि वारेला दुसऱ्या जनावरांनी हुंगलं, चाटलं की रोग पुढं जातो. रानभर विखुरलेल्या कळपात हे कमी घडतं. एका गंजीभोवती तोंडाला तोंड लावून उभ्या असलेल्या कळपात हमखास घडतं. घोड्याला त्याची लागण क्वचित होते, झाली तर मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर सुजून वाहणारी जखम होते आणि ती बरी होता होत नाही. पण खरा फटका शेजारच्या गुरांवाल्यांना बसतो. एक गाय रोगी निघाली की आख्खा कळप विलगीकरणात, महिनोन्‌महिने तपासण्या, विक्री ठप्प. मी हौसेनं टाकलेल्या दोन गठ्ठ्यांची किंमत दुसऱ्याच्या वर्षाच्या कमाईतून वसूल होणार.

शेजारच्या वायोमिंगमध्ये उलटी रीत आहे. जॅक्सनला 1912 पासून एल्कसाठी राखीव रान आहे, तिथं त्यांना हिवाळ्यात चारा घातला गेला, आणि राज्यात इतरत्र वीसहून अधिक ठिकाणी सरकारच खायला घालतं. त्यामागं कणव होती, आणि गुरांपासून एल्क लांब राहावेत हा हिशोबही. पण एकदा लावलेली सवय आता सोडवता येत नाही. त्यात हरणांना होणारा तो मेंदूचा असाध्य रोग, सीडब्ल्यूडी, या राज्यांतही पसरलाय. त्याचं विष मातीत वर्षानुवर्षं टिकतं. गर्दी म्हणजे त्याला आमंत्रणच. मी जॅक्सनला गेले आहे. तिथं हिवाळ्यात थोराड घोड्यांच्या जोड्या बर्फावरच्या गाड्या ओढतात, पाहुण्यांना थेट कळपात घेऊन जातात, आणि एल्क बसल्या जागेवरून उठतसुद्धा नाहीत. रवंथ करत घोड्यांकडं बघत राहतात. तोच माणूस गाडीतून उतरून पायी चालू लागला तर मात्र कळप उठेल. घोड्याचं त्यांना भय नाही, हे मी आमच्या रानातही रोज बघते.

घोड्यांना मात्र एल्कचं भय असतं, निदान सुरुवातीला. आमची घोडी सपाट प्रदेशातून आली होती. सप्टेंबरमध्ये नर माजावर येतात, तेव्हा ते जो आवाज काढतात तो ऐकल्याशिवाय कळत नाही. खोल घुमारा, मग शिट्टीसारखा चढत गेलेला चिरका सूर, आणि शेवटी खोकल्यासारखे दोनतीन हुंकार. एवढ्या मोठ्या छातीतून इतका बारीक सूर निघावा, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. पहिल्या वर्षी मी तिला खरारा करत होते. सूर आला तशी ती थिजली. कान टवकारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, शेपटीचं मूळ ताठ. माझा तळहात तिच्या खांद्यावर होता, कातडीखाली स्नायू थरथरताना जाणवत होते. मग नाकातून जोरात फुरफुरली आणि दोर ओढत गोल फिरली. म्हातारा घोडा शेजारी उभा होता. त्यानं एक कान तिकडं वळवला, पुन्हा चघळायला लागला. ती त्याच्याकडं बघत राहिली. आठवडाभरानं तोच आवाज आला तेव्हा तिनं फक्त मान उचलली. घोड्याला घोडाच शिकवतो. एकटा घोडा एल्कच्या रानात ठेवू नये, हे मी कुणालाही सांगेन.

माजातला नर ही वेगळी बाब आहे. झुडपं, खांब, जे समोर येईल त्यावर तो शिंगं घासतो. घोड्यांना लांबून दिसावी म्हणून लोक पांढरी रुंद विजेची पट्टी लावतात, तीच नेमकी शिंगांत गुंतते, आणि मग कुंपणाची लांबच लांब पट्टी मागं फरफटवत ते जनावर रानोमाळ पळतं. गठ्ठ्यांची सुतळी, झोपाळ्याचे दोर, दिव्यांच्या माळा, सगळं गुंततं. खात्याची माणसं येऊन त्याला गुंगी देतात आणि कापून काढतात, पण वेळेवर दिसला तर. म्हणून आमच्याकडं पट्टी नाही, आणि गठ्ठा फोडला की सुतळी आधी खिशात.

आता कुंपणाचं. यावर मी तासन्‌तास बोलू शकते. या खोऱ्यातली जुनी कुंपणं मेंढ्यांच्या काळातली, खाली जाळी आणि वर काटेरी तारा. याहून वाईट रचना सापडणार नाही. मोठी मादी वरून उडी मारते, पिल्लाला खालून सरपटता येत नाही, ते अलीकडं राहतं. कळप निघून जातो, पिल्लू कुंपणाच्या कडेकडेनं धावत राहतं. उडी चुकली तर मागचे पाय वरच्या दोन तारांमध्ये जातात, शरीर पलीकडं पडतं, तारांना पीळ बसतो आणि पाय चिमट्यात धरल्यासारखे अडकतात. युटा आणि कोलोरॅडोत झालेल्या एका पाहणीत साधारण दर चार किलोमीटर कुंपणामागं वर्षाला एक खूरवालं जनावर तारेत मेलेलं आढळलं होतं, आणि त्यात पिल्लांचं प्रमाण मोठ्यांच्या कितीतरी पट होतं. माझ्या हातून मी एक मादी सोडवली आहे, शेजारच्या आजीबाईंच्या मदतीनं. त्यांनी तिच्या डोळ्यांवर आपलं जाकीट टाकलं, मी कातर लावली. तार तुटली तरी ती बराच वेळ उठली नाही, तिला पाय मोकळे झाल्याचं कळलंच नव्हतं. कातरीच्या दात्यांत केस अडकले होते. जाड, ठिसूळ, वाकवले की काटकन मोडणारे. मग ती उठली, लंगडत गेली. वाचली का, ते सांगता येणार नाही.

काटेरी तार घोड्यालाही तितकीच वैरी. घोडा घाबरला की मागं बघत नाही, तारेतून आरपार जातो आणि पायाची कातडी सोलून निघते. त्यामुळं काटेरी तार काढण्यात दोघांचंही भलं आहे. अडचण पुढं येते. एल्कसाठी कुंपण ठेंगणं हवं. वरची तार 42 इंचांच्या वर नको, वरच्या दोन तारांत 12 इंचांचं अंतर, खालची तार जमिनीपासून निदान 16 इंच आणि गुळगुळीत, म्हणजे पिल्लं खालून निसटतात. घोड्यांसाठी मात्र सगळे सांगतात, पाच फूट हवं. हे दोन्ही एका कुंपणात बसत नाही. आम्ही ते दोन कुंपणांत बसवलं. घराजवळ छोटं आवार, लाकडी बल्ल्यांचं, उंच. हिवाळ्यात घोडे रात्री तिथं, पाण्याची तापती टाकी तिथं, मीठही तिथंच, कारण मिठाच्या विटेपायी एल्क कुठूनही येतात. बाहेरच्या मोठ्या रानाला ठेंगणं कुंपण, वर तारेऐवजी लाकडी बल्ली, म्हणजे उडी घेणाऱ्याला काठ दिसतो. आणि कळप उतरायला लागला की फाटकं सताड उघडी, काही ठिकाणी तारा खांबावरून सोडून जमिनीवर निजवलेल्या. चारा बंद, वाट मोकळी. घोड्यांना दिवसा सोडतो ते आमची नजर असते तेव्हाच. हे करायला पैसे लागले, वेळ लागला, पण यापेक्षा चांगला मार्ग मला दिसत नाही.

कधी कधी रात्री टाकीवरचा बर्फ बघायला बाहेर जाते तेव्हा या दोन जनावरांच्या आदल्या प्रवासाचा विचार मनात येतो. घोड्याचं कूळ मूळचं इथलंच. उत्तर अमेरिकेतच ते लाखो वर्षं घडलं, वाढलं, आणि आशिया-अलास्का जमिनीनं जोडलेले होते त्या काळात पलीकडं गेलं. एल्क त्याच जमिनीवरून उलट दिशेनं, आशियातून इकडं आला. मग साधारण 10,000 वर्षांपूर्वी इथला घोडा नामशेष झाला. एल्क राहिला. घोडा परतला तो स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून, 1493 मध्ये बेटांवर, 1519 मध्ये मुख्य भूमीवर, माणसाच्या लगामात. आपल्या मारवाडी-काठेवाडी घोड्यांचे पूर्वजही कधीकाळी याच खंडातून निघाले असणार. माझ्या घोडीला यातलं काही ठाऊक नाही. पण कळप पाहून ती ज्या सहजतेनं चरायला लागते, ती मला परकेपणाची वाटत नाही.

एल्कही इथं कायमचे सुखरूप होते असं नाही. शिकारीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या खंडात ते लाखाच्या आत उरले होते. यलोस्टोननं उरलेले सांभाळले, इतर राज्यांना पुरवले, मग इथंच ते इतके वाढले की 1961-62 च्या हिवाळ्यात उद्यानानं स्वतःच चार हजारांहून जास्त मारले. पुढं 1995-96 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले. उत्तरेकडचा हा कळप 1994 मध्ये 19,000 च्या घरात होता, 2013 पर्यंत चार हजारांच्या खाली आला, नंतर पुन्हा सावरला. लांडग्यांमुळं, अस्वलांमुळं, शिकारीमुळं की दुष्काळामुळं, यावर इथं चहाच्या टेबलावर भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. माझ्या हातात कुंपण आहे, तेवढं मी नीट ठेवते.

वसंतात कामं बदलतात. मार्च-एप्रिलमध्ये नर शिंगं टाकतात, ती गवतात टोकं वर करून पडलेली असतात. घोड्याचा खूर त्यावर पडला तर खेळ खलास, म्हणून सोडण्याआधी सगळं रान पायाखाली घालायचं. त्याच सुमाराला घोड्यांच्या आयाळीत आणि छातीवर हिवाळी गोचिड्या चाचपून काढायच्या, त्या एल्कवरही असतात. कुठं मेलेलं जनावर दिसलं तर फोन करून उचलून न्यायला लावायचं, कारण अस्वलं झोपेतून उठलेली असतात. जूनमध्ये मात्र हात आवरायचे. गवतात ठिपक्यांचं पिल्लू निपचित पडलेलं दिसतं, आई लांब. ते टाकून दिलेलं नसतं. त्याला शिवायचं नाही, कुत्रा बांधून ठेवायचा, आणि यंत्र घालण्याआधी ते शेत चालून बघायचं.

हल्ली खोऱ्यात जमिनींचे तुकडे पडताहेत. जिथं एक मोठं गुरांचं रान होतं तिथं आता वीस-वीस एकरांचे प्लॉट, प्रत्येकाला नवं घर, नवे दोन घोडे आणि चारी बाजूंनी नवं कुंपण. काही संस्थांनी 2021 मध्ये इथल्या एका पशुपालक कुटुंबाशी करार केला, की त्यांनी जमिनीचा एक भाग हिवाळ्यात एल्कसाठी मोकळा ठेवायचा आणि त्याचा मोबदला घ्यायचा. मला हा मार्ग पटतो. रान राखणाऱ्याला पैसे मिळाले तर तो विकणार नाही. पण वीस एकरवाल्यांशी असा करार कोण करणार? त्यांच्या दारात जाऊनच बोलावं लागतं. मी जाते, मोजायची टेप घेऊन जाते. बहुतेक लोक ऐकतात. घोड्यावर जीव असलेल्या माणसाला काटेरी तार काढायला सांगणं सोपं असतं, पुढचं मग आपसूक निघतं.

पलीकडच्या प्लॉटवर नव्यानं आलेलं जोडपं तयार झालंय. त्यांच्या आणि आमच्या हद्दीवर मेंढ्यांच्या काळातली जाळी अजून उभी आहे, अर्ध्यानिम्म्या जागी गवतात बुडालेली. कळप उतरायच्या आत, म्हणजे या महिन्यातच ती काढायची ठरलीय. आजीबाई ट्रॅक्टर देणार आहेत, गुंडाळलेली तार भंगारात टाकायला गाडी आमची. कातऱ्या पुरेशा आहेत. हातमोजे ज्यानं त्यानं आणायचे, जाड चामड्याचे, असं सगळ्यांना कळवलंय.